रात्रीचं पाणी

महापेच्या कारखान्यात मी डीव्हीडी तपासायचे.
डोक्याला जाळी, कानांवर हेडफोन,
समोर दोन पडदे: एक महागडा, सपाट,
दुसरा एकवीस इंची, पोट सुटलेला,
गिऱ्हाइकाच्या घरी असतो तसला.

त्या दिवाळीला एक साहसपट आला, सहकुटुंब बघण्याचा.
आई, बाप, दोन मुलं, एक बोकड,
फुटक्या होडीतून कुठल्याशा बेटाकडे.
नऊ दिवसांत एकवीस वेळा पाहिला.
गोष्ट विचारली असतीत तर सांगता आली नसती.

मला दिसायचं ते वेगळंच.
बापाच्या लाल सदऱ्याचा रंग कडेने ओघळतोय.
बोकड आधी ओरडतो, तोंड मागाहून उघडतं.
खालच्या अक्षरांत ‘जपून!’ उमटतं
लाट डोक्यावरून गेल्यावर.
आणि वादळाच्या रात्री समुद्र म्हणजे
काळ्या चौकोनाला चिकटलेला काळा चौकोन,
न्हाणीघराची फरशी हलावी तसा.

फॉर्मवर रकाने होते: चित्र, आवाज, अक्षरं, छपाई.
चित्राच्या रकान्यात मी लाल पेनाने लिहिलं,
‘रात्रीचं पाणी नापास.’

कुरियाकोस साहेब आले,
पोटवाल्या टीव्हीवर लावून दोन मिनिटं बघितलं.
‘मॅडम, लोक चिवडा खात बघणार. पास करा.’

आता यांना कसं सांगायचं,
की गोठिवलीच्या खाडीत माझ्या बापाची होडी होती,
आठ वर्षांची असताना त्याने मला रात्री नेलं होतं,
वल्हं बुडवलं की पाण्यात निळसर ठिणगी पेटायची,
आणि तो म्हणायचा,
‘पानी कवाच काला नसतं गो, नीट बघ.’

नीट बघण्याचाच पगार होता मला.
सही केली.
चाळीस हजार प्रती गेल्या.

कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली.
तिथे आता कुरिअरची खोकी उतरतात.
परवा ऐरोलीला भावाकडे, कपाटाच्या खालच्या खणात
निमिषला ती सापडली,
‘नमुना, विक्रीसाठी नाही’ असा माझ्या हातचा शिक्का.
प्लेअर तळमजल्यावरच्या शेट्टींकडून आणला,
तोही आधी दोन थपडा खाऊन चालू झाला.

पंचावन्न इंची टीव्हीवर
प्रत्येक चूक हाताच्या पंजाएवढी.
मी सुरू झाले, हा बघ, रंग ओघळला,
हा बघ, बोकड.
‘आत्याआजी, शू!’
वादळ आलं, तसा स्वतःच खिदळला,
‘समुद्र लेगोचा आहे!’
बरोब्बर. कुरियाकोस साहेबांना ऐकवायला हवं होतं.

एक तास चौदा मिनिटं बावीस सेकंद.
इथे डीव्हीडीचा एक थर संपतो,
किरण खाली दुसऱ्या थरात उतरतो,
आणि चित्र अर्धा सेकंद थिजतं.
चालतं तेवढं, नियमात बसतं.
काळोखी जागा बघून जोड द्यायचा असतो,
कुणा शहाण्याने तो दिला होता
आईचा हात पाण्यातल्या मुलाकडे गेलेला,
बोटं अजून लागायची, तिथे.
एकवीस वेळा मी इथे फक्त घड्याळ पाहिलं होतं.

निमिषने माझं मनगट धरलं.
नखं रुतली.
मला माहीत होतं यंत्र कुठे अडलंय.
तरीही माझा श्वास त्याच्याबरोबरच अडला,
आणि मी त्या बाईला मनातल्या मनात म्हटलं, गो, पकड.

पकडलं.

शेवटी नावं सरकायला लागली,
त्याने रिमोट माईकसारखा तोंडासमोर धरला, ‘मार्क?’
चित्राला चार. आवाजाला पाच, बोकडामुळे.
छपाईला नऊ, छपाई आमची चांगली होती.
‘आणि पिक्चरला?’
म्हटलं, थांब जरा, आत्ता तर पाहिला.

‘मग परत लावू?’
लाव.
या खेपेला मी वल्ह्यांकडे बघणार होते.
तो बाप वल्ही उलटी धरतो, असा मला दाट संशय आहे.